गाडी पेट्रोल का पिते, हे सायलेन्सरातला ‘ओटू’ सांगतो. पण त्याचं बोलणं समजून घ्यायला हवं

विटा (प्रतिनिधी) : कार्ब्युरेटरची गाडी होती तोवर काम सोपं होतं. ॲव्हरेज पडलं की मिस्त्री स्क्रूड्रायव्हर घेऊन स्क्रू पाव फेरा इकडं, अर्धा फेरा तिकडं फिरवायचा, कान लावून इंजिन ऐकायचा आणि चहा यायच्या आत गाडी हातात द्यायचा. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. गॅरेजच्या भाषेत ‘एफआय’ गाडी. या गाडीत फिरवायला स्क्रू नाही. पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू नावाचा छोटा कॉम्प्युटर ठरवतो.

या गाड्यांची वॉरंटी आता संपत आली. शोरूमची सर्व्हिसिंग परवडत नाही म्हणून त्या गावातल्या, तालुक्यातल्या गॅरेजात यायला लागल्यात. आणि तिथं एक प्रकार सर्रास दिसतो. मीटरवर पिवळा इंजिनचा दिवा लागला, स्कॅनर जोडला, ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, की सेन्सर बदला. आठ दिवसांनी दिवा परत. मग इंजेक्टर बदला. मग पंप. शेवटी निघतं काय, तर इंजिनच्या तोंडाशी सायलेन्सरचं फुटलेलं पॅकिंग, ज्याची किंमत एका वडापावच्या गाड्यावरच्या बिलाएवढी.

यात नुकसान किती होतं ते बघा. खानापूर, कडेगाव, आटपाडी भागात दूध घालायला, बाजाराला, मळ्यात-घरात मिळून दिवसाला ६० किलोमीटर गाडी फिरवणारे भरपूर आहेत. गाडी लिटरला ६० देत असेल तर रोज एक लिटर लागतं. तीच ४५ वर आली तर सव्वा लिटरच्या पुढं, म्हणजे एक पूर्णांक एक तृतीयांश लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरलं तर रोजचे ३५ रुपये जादा, महिन्याला हजाराच्या वर. त्यात विनाकारण बदललेल्या सुट्या भागांचे पैसे वेगळे. म्हणून हा सेन्सर काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मिस्त्रीइतकंच गाडीमालकालाही कळलेलं बरं.

सेन्सर पेट्रोल मोजत नाही

पहिली गोष्ट, आणि सगळी गफलत इथंच होते. ओटू सेन्सर पेट्रोल मोजत नाही. तो जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला आहे एवढंच बघतो. त्यावरून ईसीयू अंदाज बांधतो की आत पेट्रोल कमी पडलं की जास्त झालं.

चुलीचं उदाहरण घ्या. लाकडं जास्त कोंबली आणि हवा कमी पडली की धूर होतो. हवा भरपूर आणि लाकूड थोडं असलं की जाळ होतो, पण भाकरी भाजायला ताकद राहत नाही. इंजिनाचंही तसंच. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनानं १ भागाला १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोल जाळायला साधारण नऊ हजार लिटर हवा, म्हणजे पाणी आणणारा एक अख्खा टँकरभर हवा म्हटलं तरी चालेल. या बरोबर जमलेल्या प्रमाणाला ‘लॅम्डा १’ म्हणतात. लॅम्डा १ च्या खाली गेलं की मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. वर गेलं की लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त.

हा सेन्सर काही काल-परवाचा नाही. जर्मनीच्या बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर १९७६ मध्ये स्वीडनच्या व्होल्वो मोटारीत प्रथम बसला. तेव्हा अमेरिकेत कॅलिफोर्नियानं धुराचे नियम कडक केले होते, त्यासाठी. आपल्याकडे गावोगावच्या दुचाकीत यायला त्याला चार दशकांहून जास्त वेळ लागला.

आत झिर्कोनिया नावाच्या चिनी मातीसारख्या पदार्थाची टोपी असते. तिच्या एका बाजूला धूर, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा, जिच्यात सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. टोपी तापली की दोन बाजूंच्या ऑक्सिजनमधल्या फरकामुळं तिच्यात वीज तयार होते. धुरात ऑक्सिजन जवळपास नाही, म्हणजे मिश्रण रिच, तर सुमारे ०.९ व्होल्ट. धुरात ऑक्सिजन उरलाय, म्हणजे लीन, तर सुमारे ०.१ व्होल्ट. मधला आकडा ०.४५. म्हणजे हा सेन्सर स्वतःच बॅटरीसारखा वागतो. मात्र साधारण ३०० अंशांच्या पुढं तापल्याशिवाय तो बोलतच नाही. म्हणून काही गाड्यांत त्याच्या पोटात हीटर दिलेला असतो. एक वायर असेल तर हीटर नाही असं समजावं. चार वायर असतील तर दोन हीटरच्या, एक सिग्नलची, एक अर्थिंगची. (टायटानिया नावाची दुसरी जातही आहे, ती वीज तयार करत नाही, तिचा हिशेब वेगळा. त्यामुळं आधी गाडीचं पुस्तक बघावं.)

औत धरल्यासारखं

गरम इंजिनावर या सेन्सरचा आकडा बघितला तर नवखा माणूस घाबरतो, कारण तो एका जागी थांबत नाही. ०.२, ०.८, ०.१, ०.७ असा खालीवर नाचत राहतो. हे बिघाडाचं लक्षण नाही, हेच निरोगीपणाचं लक्षण आहे.

औत धरलेला माणूस बैलांना सारखा थोडं इकडं, थोडं तिकडं करत असतो, म्हणून लांबून तास सरळ दिसतो. ईसीयू तेच करतो. सेन्सर म्हणाला ‘रिच’, की इंजेक्टर उघडा ठेवायचा वेळ जरासा कमी करतो. मग सेन्सर म्हणतो ‘लीन’, की परत वाढवतो. इंजेक्टर उघडा असतो तो सेकंदाच्या काही हजाराव्या भागापुरता, म्हणून ही कसरत फार बारीक चालते. गरम इंजिन अडीच हजार आरपीएमवर धरलं तर आकड्यानं दहा सेकंदांत सात-आठ वेळा तरी मधली रेघ ओलांडावी. फारच संथ हलत असेल तर सेन्सर म्हातारा झालाय.

याला क्लोज्ड लूप म्हणतात. पण ईसीयू दर वेळी सेन्सरचं ऐकत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. सकाळी थंड इंजिन चालू केलं की सेन्सर तापेपर्यंत तो पाठ केलेल्या तक्त्यावरून पेट्रोल देतो. घाटात फुल रेस दिली तरी साधारण तसंच, कारण तेव्हा ताकद आणि इंजिनाचा गारवा यांसाठी मुद्दाम रिच मिश्रण दिलं जातं. दोन मिनिटं थंड गाडी चालू करून ‘सेन्सर हलत नाही’ म्हणणं म्हणजे बी पेरल्याच्या दुसऱ्या दिवशी उगवलं नाही म्हणून ओरडणं.

सायलेन्सरात पुढं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, तो विषारी वायू निरुपद्रवी करतो. मिश्रण लॅम्डा १ च्या आसपास राहिलं तरच त्याचं काम नीट होतं. सतत रिच चाललं तर तो आतून तापून वितळतो, मग सायलेन्सर तुंबतो. त्याच्या आत महागडे धातू असतात. व्हॅनचे सायलेन्सर रातोरात चोरीला जातात ते त्याच्यासाठीच.

खरा हिशेब ‘ट्रिम’मध्ये

व्होल्टचा नाच बघून फक्त सेन्सर जिवंत आहे का ते कळतं. गाडीला काय दुखतंय ते ट्रिम सांगते. स्कॅनरवर दोन आकडे दिसतात. शॉर्ट टर्म ट्रिम म्हणजे या क्षणी ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय. लाँग टर्म ट्रिम म्हणजे बरेच दिवस एकाच बाजूला दुरुस्ती करावी लागली म्हणून त्यानं वहीत लिहून ठेवलेला कायमचा फरक.

ट्रिम अधिक असेल तर ईसीयूला मिश्रण लीन वाटतंय आणि तो पेट्रोल वाढवतोय. उणे असेल तर रिच वाटतंय आणि तो कापतोय. दोन्ही मिळून अधिक-उणे दहा टक्क्यांच्या आत असेल तर काळजी करू नये. पंधरा-वीसच्या पुढं गेली की कुठंतरी पाणी मुरतंय. ईसीयूच्या ताकदीबाहेर गेलं की दिवा लागतो आणि पी ०१७१ (लीन) किंवा पी ०१७२ (रिच) असे कोड येतात. पी ०१३१ म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज खाली, पी ०१३२ म्हणजे वर, पी ०१३५ म्हणजे हीटरची लाईन. पहिल्या चार कोडांत ‘सेन्सर बदला’ असं कुठंही लिहिलेलं नाही. पी ०१३१ आला तर सेन्सर ‘लीन आहे’ असं खरं बोलत असण्याचीही शक्यता आहे. निरोप आणणाऱ्यालाच मारण्यात अर्थ नाही.

स्कॅनर नसला तरी मोबाईलला ब्लूटूथनं जोडायचं छोटं यंत्र आणि दुचाकीची जोडवायर मिळते. जोडणीचा सॉकेट बऱ्याच गाड्यांत सीटखाली असतो. काही छोट्या गाड्यांचा ईसीयू ट्रिम दाखवत नाही, नुसते व्होल्ट आणि इंजेक्टरचा वेळ दाखवतो. तेवढ्यावरही बरंच काम होतं.

‘आण्णा, ओटू गेलाय’

गॅरेजातला नेहमीचा संवाद असा असतो.

‘मिस्त्री, ह्यो दिवा काय जायना बघा. आन् पेट्रोल लय पितीया.’

‘आण्णा, ओटू गेलाय. नवीन टाकावा लागंल.’

इथं आण्णांनी एकच प्रश्न विचारावा : ‘रेस मारून बघितली का?’

परीक्षा सोपी आहे. इंजिन चांगलं दहा मिनिटं गरम करायचं. एकदम रेस द्यायची. पेट्रोलचा फवारा वाढतो, आकडा झटकन ०.८-०.९ कडे गेला पाहिजे. रेस एकदम सोडायची. आरपीएम चढलेलं असताना थ्रॉटल बंद झाला की बहुतेक गाड्यांत ईसीयू पेट्रोल तोडतो, निव्वळ हवा जाते, आकडा ०.१ कडे पडला पाहिजे. दोन्हीकडं झटपट गेला तर सेन्सर चांगला आहे. मग दिवा दुसऱ्याच कारणानं लागलाय आणि नवा सेन्सर टाकून पैसे पाण्यात जाणार. आकडा ०.४५ च्या आसपास चिकटून बसला तर मात्र सेन्सर थंड आहे, वायर तुटलीय, प्लग सैल आहे किंवा सेन्सर खरंच मेलाय. तिथंही आधी वायर बघावी. उंदरांना सीटखालच्या वायरिंगची भारी आवड, आणि उसाच्या फडाशेजारी गाडी लावणाऱ्यांना हे सांगायला नको.

मल्टिमीटरनं बघायचं असेल तर डिजिटलच वापरावा, व्होल्टवर ठेवून. सिग्नलच्या वायरीवर ओहमचा काटा कधी लावू नये, मीटरमधल्या विजेनं चांगला सेन्सर बिघडू शकतो.

आकडा खाली चिकटला तर

आकडा ०.१-०.२ वरच राहतोय, ट्रिम अधिक वीस, आणि तरी गाडी पेट्रोल जास्त खाते. हे ऐकून लोक गोंधळतात. लीन म्हणजे पेट्रोल कमी, मग ॲव्हरेज का पडलं? कारण सेन्सर ऑक्सिजन बघतो, पेट्रोल नाही.

सायलेन्सर इंजिनला जोडतो तिथलं पॅकिंग फुटलं की धुराच्या दोन धक्क्यांमध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो ‘लीन, लीन’ ओरडतो. ईसीयू बिचारा विश्वास ठेवून पेट्रोल ओततो. प्रत्यक्षात मिश्रण आधीच बरोबर होतं, आता ते रिच झालं. प्लग काळा, पेट्रोलचा वास, ॲव्हरेज पंधरानं खाली. मिसफायरचंही तसंच. प्लगनं ठिणगी दिली नाही तर पेट्रोल आणि हवा दोन्ही न जळता बाहेर पडतात. त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो आणि तो परत ‘लीन’ म्हणतो, जरी पेट्रोल वाया चाललेलं असलं तरी. म्हणून लीनचा कोड आला की सगळ्यात आधी प्लग आणि सायलेन्सरचं तोंड बघायचं. दोन्ही कामं अर्ध्या तासाची. थंड इंजिन चालू करून जोडावर साबणाचं पाणी टाकलं की फुगे येतात. मागून सायलेन्सरचं तोंड जाड फडक्यानं थोडं दाबलं तर पुढं फुस्सकन आवाज येतो.

ते ठीक असेल तर पुढची वाटणी आरपीएमवरून करता येते. ही युक्ती मिस्त्रींनी पाठच करावी अशी आहे. ट्रिम मोकळ्या रनिंगला, म्हणजे आयडलिंगला, खूप अधिक आणि तीन-चार हजार आरपीएमला जवळजवळ शून्यावर येत असेल, तर बाहेरची हवा चोरून आत जातेय. थ्रॉटल बॉडी आणि इंजिनच्या मधला रबरी मॅनिफोल्ड तडकलेला असतो, नाहीतर त्याची क्लिप सैल. फट तेवढीच असते, पण आयडलला इंजिन हवाच थोडी घेतं म्हणून चोरीचा वाटा मोठा दिसतो. याउलट आयडलला सगळं ठीक आणि चढाला, दोन कॅन लादल्यावर ट्रिम चढत जात असेल, तर पेट्रोलच पुरत नाही. पंप थकलाय, त्याची जाळी तुंबलीय किंवा इंजेक्टर चोक झालाय. छोट्या दुचाकींत पेट्रोलचा दाब साधारण ३ बारच्या आसपास असतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात. गेज लावला की पाच मिनिटांत सोक्षमोक्ष लागतो. गेज न लावता पंप बदलणं ही शुद्ध सट्टेबाजी.

आकडा ०.८-०.९ वर आणि ट्रिम उणे पंधरा असेल तर गोष्ट उलटी. इंजेक्टर थेंब-थेंब गळतोय, नाहीतर इंजिनचं तापमान सांगणारा सेन्सर खोटं बोलतोय. इंजिन ऐंशी अंशांवर असताना तो ‘वीस’ म्हणाला तर ईसीयूला वाटतं सकाळची थंड गाडी आहे, आणि तो चोक ओढल्यासारखं पेट्रोल देत राहतो. स्कॅनरवर तापमानाचा आकडा बघायला एक सेकंद लागतो, पण बघतं कोण? एअर फिल्टरचा दोष मात्र एफआय गाडीत वाटतो तेवढा नसतो. कार्ब्युरेटरला फिल्टर तुंबला की गाडी रिच व्हायची. इथं ईसीयू आत शिरलेल्या हवेचा दाब मोजून पेट्रोल देतो, त्यामुळं पिकप पडतो, पण मिश्रण फारसं बिघडत नाही.

उसाचं पेट्रोल आणि सेन्सर

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, ई-२०, मिळतं. ते इथेनॉल आपल्याच भागातल्या कारखान्यांत उसापासूनही बनतं. म्हणजे फडातला ऊस फिरून टाकीत येतो. सेन्सरशी त्याचा थेट संबंध आहे.

इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, वजनाचा तिसरा हिस्सा. त्यामुळं त्याला जळायला हवा कमी लागते, १ भागाला साधारण ९ भाग. १० टक्के मिश्रणाला १४.१ च्या आसपास, २० टक्क्यांना साडेतेरा. म्हणजे तेवढ्याच हवेत ई-१० पेक्षा ई-२० वजनानं चारेक टक्के जास्त द्यावं लागतं. ईसीयूला इथेनॉल-बिथेनॉल काही कळत नाही, पण ओटू सेन्सर ‘जरा लीन आहे’ म्हणतो आणि ट्रिम आपोआप चार-पाच टक्क्यांनी वर जाते. म्हणून जुन्या ई-१० साठी बनलेल्या बीएस-६ गाडीत ट्रिम अधिक पाच-सहा दिसली तर तो बिघाड नाही, पेट्रोलचा गुण आहे. लिटरमागं इथेनॉलमधली ऊर्जाही पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शानं कमी, त्यामुळं ॲव्हरेज थोडं पडणारच. पण थोडं. साठचं पंचेचाळीस झालं तर इथेनॉलला शिव्या देऊन उपयोग नाही, दुसरं काहीतरी बिघडलंय.

सेन्सर चालू असेल तर तो हा फरक भरून काढतो. बंद असेल, किंवा गाडी जुन्या कार्ब्युरेटरची असेल, तर भरून काढणारं कोणी नाही. गाडी थोडी लीन चालते, सकाळी चालू व्हायला कुरकुरते, गरम होते. दुसरी अडचण पाण्याची. टाकीत पाणी शिरलं, आणि पावसाळ्यात झाकणाचं रबर गेलेल्या गाडीत ते शिरतंच, तर ठरावीक प्रमाणापुढं इथेनॉल पाण्याला धरून तळाला बसतं. पंप ओढतो तळातूनच. मग गाडी झटके देते, ट्रिम वर जाते, सेन्सर लीन म्हणतो आणि बिल सेन्सरच्या नावानं फाटतं. अशा वेळी बाटलीत तळाचं पेट्रोल काढून अर्धा तास ठेवावं, थर वेगळा दिसतो.

ट्यूनिंग करणाऱ्या पोरांसाठी

कंपनीच्या ईसीयूत बदल करणं रस्त्यावरच्या गाडीला कायद्यात बसत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे. पण इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं फॉर्म्युला भारत, सुप्रा अशा स्पर्धांसाठी गाडी बनवतात, त्यात चाकणला बनणाऱ्या केटीएम ३९० चं इंजिन बरेच जण वापरतात. त्यात आपल्या तालुक्यातली पोरंही असतात. त्यांना ईसीयूचा तक्ता स्वतः भरावा लागतो.

तिथं वर सांगितलेला नॅरोबँड सेन्सर पुरत नाही. तो फक्त ‘जास्त’ की ‘कमी’ सांगतो, किती ते सांगत नाही. ट्यूनिंगला वाइडबँड लागतो, तो लॅम्डाचा नेमका आकडा देतो. पद्धत अशी : इंजिन पूर्ण गरम, आपोआप दुरुस्ती बंद, एका आरपीएमला आणि एका लोडला गाडी काही सेकंद स्थिर धरायची. धूर सेन्सरपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून झटक्यात आलेला आकडा धरायचा नाही. मग मिळालेल्या लॅम्डाला हव्या असलेल्या लॅम्डानं भागायचं. समजा फुल लोडला ०.८७ पाहिजे आणि मिळाला ०.९५. भागाकार १.०९. म्हणजे त्या घरात पेट्रोल ९ टक्के वाढवायचं. एकदम नाही, आधी निम्मं, मग परत बघायचं. हलक्या लोडला लॅम्डा १, फुल लोडला ०.८५ ते ०.९ असं साधारण धोरण असतं. फुल लोडला लीन सोडलं तर आधी नॉकिंग आणि मग पिस्टनला भोक.

दोन ठिकाणी पोरं फसतात. मीटरवर लॅम्डाऐवजी १४.७ असा आकडा दिसतो, तो पेट्रोलच्या हिशेबानं छापलेला. ई-२० वरही लॅम्डा १ ला मीटर १४.७ च दाखवेल, जरी खरं प्रमाण साडेतेरा असलं तरी. म्हणून लॅम्डातच बोलावं. दुसरं, सेन्सर आखूड पाईपच्या शेवटी बसवला तर मागून हवा आत येऊन आयडलला खोटं लीन दिसतं. इंजिनजवळ, पण फार चिकटून नाही, आणि टोक खाली येईल असा तिरपा बसवावा, म्हणजे पाणी साचून तो तडकत नाही. इंजिन चालू असताना हीटर बंद ठेवला तर काजळीनं तो आठवड्यात मरतो.

‘मायलेज वाढवणारी’ डबी

ऑनलाइन काही छोट्या डब्या मिळतात. सेन्सरच्या वायरीत जोडा आणि ॲव्हरेज वाढवा. त्यात विशेष काही नसतं, सेन्सरचा आकडा वर ढकलून ईसीयूला ‘रिच आहे’ असं फसवायचं, की तो पेट्रोल कापतो. चार दिवस ॲव्हरेज बरं वाटतं. मग पिकप जातो, इंजिन तापतं, माणूस रेस जास्त देतो आणि हिशेब तिथंच येतो, फक्त व्हॉल्व्ह आणि कन्व्हर्टर जळायची भीती वाढते. सेन्सर काढून तिथं नट मारणं हा दुसरा उद्योग. कन्व्हर्टर काढून भोंगळ आवाजाचा सायलेन्सर बसवला की सेन्सरची जागाच राहत नाही, मग दिवा कायमचा. पीयूसीला कार्बन मोनॉक्साईड वाढून येतो तो वेगळा, आणि पोलीस सायलेन्सरवर रोडरोलर फिरवतात तेही वेगळं.

ट्रॅक्टरवाल्यांनी मात्र या लेखाचं फार मनावर घेऊ नये. डिझेल इंजिन जवळजवळ नेहमीच जादा हवेवर चालतं, लॅम्डा १ भोवतीचा हा खेळ तिथं नसतो.

बदलायचाच असेल तर

सेन्सर खरंच गेला असेल तर जुना काढून त्याचं टोक बघावं. काळी मऊ काजळी म्हणजे गाडी रिच चालली होती, आधी ते कारण शोधा. पांढरट भुकटीसारखा थर म्हणजे बहुतेक सिलिकॉन. इंजिन उघडून बंद करताना फासलेल्या भलत्या सिलिकॉन पेस्टची वाफ सेन्सरला मारते, पाकिटावर ‘सेन्सर सेफ’ लिहिलेलीच वापरावी. तपकिरी राखेचा थर म्हणजे ऑइल जळतंय, नवा सेन्सरही तसाच जाणार. काढताना इंजिन कोमट असावं, थंड पोलादात आटा बसलेला असतो आणि जोर लावला की सायलेन्सरचाच आटा जातो. नव्या सेन्सरच्या आट्यांना अँटीसीझ ग्रीस लावावं, पण टोकाला कसलंही ग्रीस, ऑइल, पेट्रोल लागू देऊ नये. बसवल्यावर कोड पुसून ईसीयूची जुनी शिकवण स्कॅनरनं रीसेट करावी. नुसती बॅटरी काढून ती प्रत्येक गाडीत पुसली जात नाही. मग गाडी दोन-तीन दिवस रोजच्या वाटेवर, गावातून, चढावर, लोड घेऊन चालवावी आणि ट्रिम पुन्हा बघावी. दहाच्या आत आली तर जुना सेन्सर दोषी होता. नाही आली तर सायलेन्सरच्या पॅकिंगपासून परत सुरुवात.